भाकरीच्या बदली भात, पण किती?

गेल्या वर्षीच्या उपवासकाळातील एका शुक्रवारी आमच्या धर्मग्रामातील एक काका उसाच्या फडात काम करता करता खाली बसले ते उठेनात. अंग घामाने भिजलेले, हात थरथरत होते आणि बोलणे असंबद्ध. बरोबरच्या गड्यांना वाटले ऊन लागले. त्यांपैकी एकाच्या घरी मधुमेह होता, म्हणून त्याने चहासाठी आणलेली साखर पाण्यात कालवून त्यांना घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत काकांना बरे वाटू लागले. सकाळी त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि पोटात मात्र काहीच नव्हते, कारण शुक्रवारचा उपवास होता.

तो उपवास माझ्या सांगण्यावरून होता. आदल्या रविवारी मी प्रवचनात उपवास कडक पाळण्याविषयी तळमळीने बोललो होतो. आजाऱ्यांना यातून सूट आहे हे सांगायचे राहून गेले. काका तर त्रेसष्ट वर्षांचे. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे एकोणसाठ वर्षे पूर्ण झालेल्यांवर उपवासाचे बंधनच नाही. हे मला ठाऊक होते, त्यांना नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तो थोडा मान खाली घालूनच.

काकी म्हणाल्या, "फादर, साखरेचं दुखणं निघाल्यापासून दोन वर्षं यांनी भाताला हात लावला नाही. चहात साखर नाही, गूळ घालते. तरी रक्तातली साखर खाली येत नाही. मग खायचं तरी काय माणसानं?"

मी विचारले, भाताऐवजी काय खाता? भाकरी. किती? दुपारी दोन, रात्री दोन. उपवासाला साबुदाणा, नाहीतर उकडलेली रताळी. आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात रताळ्याला तोटा नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला एक छापील कागद काकांनी मला दाखवला. तपासणीच्या वेळी आहारतज्ज्ञ बाईंनी तो दिला होता. तो त्यांनी एकदाही उघडून वाचला नव्हता, कारण त्यावर नुसते आकडे होते. तो कागद म्हणजे अन्नाच्या अदलाबदलीची यादी. आज तीच समजून घेऊ.

ही पद्धत मूळची अमेरिकेतील. १९५० साली तेथील मधुमेह संघटना, आहारतज्ज्ञांची संघटना आणि सरकारी आरोग्यखाते यांनी मिळून ती तयार केली. त्याआधी मधुमेह्याला ठरलेले पदार्थ ठरल्या वजनाने दिले जात आणि बिचारा रोगी कंटाळून पथ्य सोडून देई. या मंडळींनी अन्नाच्या सहा याद्या केल्या : दूध, भाज्या, फळे, पाव-धान्ये, मांस आणि स्निग्ध पदार्थ. एका यादीतील प्रत्येक पदार्थाचे असे माप ठरवले की त्या मापात पिष्ट, प्रथिने, चरबी आणि उष्मांक साधारण सारखे असावेत. मग त्या यादीतील कोणताही पदार्थ त्याच यादीतील दुसऱ्याच्या जागी घेता येतो. आपल्या देशात अन्नपदार्थांचे पृथक्करण जुने आहे. कुन्नूरच्या प्रयोगशाळेतून डॉ. आयक्रॉइड यांची भारतीय अन्नाची पुस्तिका १९३७ साली निघाली. पुढे ती संस्था हैदराबादला गेली आणि राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिची अन्नघटकांची नवी कोष्टके २०१७ सालची आहेत. अशा कोष्टकांवरूनच आपल्याकडे भाकरी, भात, डाळ यांचे वाटे ठरवले गेले आणि अमेरिकेच्या यादीत नसलेली डाळींची निराळी यादी त्यात आली.

शेतकऱ्याला हे समजायला कठीण नाही. आपण पैऱ्याने काम करतो. आज मी तुमच्या रोपलावणीला, उद्या तुम्ही माझ्या. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस. पण बैलजोडी आणली तर तिच्या एका दिवसाला माणसाचा एक दिवस देऊन भागत नाही, तेथे हिशेब वेगळा. अन्नाचेही तसेच आहे. धान्याची फेड धान्याने आणि डाळीची डाळीने. भाकरी कमी केली म्हणून तेल वाढवले, किंवा डाळ नाही म्हणून भात जास्त घेतला, तर तो पैरा फिटत नाही.

आता मापे पाहू. आपल्याकडील कोष्टकांत धान्याचा एक वाटा म्हणजे ३० ग्रॅम कोरडे धान्य किंवा पीठ, सुमारे १०० उष्मांक. तांदूळ, ज्वारी, गहू, नाचणी, पोहे, रवा या सर्वांना हे माप थोड्याफार फरकाने लागू पडते. ३० ग्रॅम तांदळाचा भात शिजून तिपटीच्या आसपास होतो, म्हणजे एक लहान वाटी. काकींच्या चुलीपुढे आम्ही दुकानातून आणलेला काटा ठेवला आणि त्या एका भाकरीला जेवढे पीठ घेतात तेवढे तोलले. ९० ग्रॅम भरले! एक भाकरी म्हणजे तीन वाटे, म्हणजेच तीन वाट्या भात. काका चार भाकऱ्यांत दिवसाला बारा वाटे खात होते आणि कागदावर त्यांच्यासाठी लिहिले होते आठ. दोन वर्षे भातावाचून काढलेल्या माणसाने हे ऐकून काटा पुन्हा एकदा तपासून पाहिला.

रताळे आणि बटाटा भाजीसारखे दिसले तरी त्यांची जागा धान्याच्या यादीत आहे. ८० ते ८५ ग्रॅमचे एक रताळे किंवा शंभर ग्रॅम बटाटा म्हणजे एक वाटा. बटाट्याची भाजी आणि भाकरी हे जेवण या हिशेबाने भाकरीशी भाकरीच झाली. साबुदाण्याचेही ३० ग्रॅमला शंभरच उष्मांक, पण त्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. उपवासाला हलका म्हणून आपण तो खातो, त्यात शेंगदाण्याचे कूट आणि तूप घालतो आणि एका बशीत जेवणाइतके उष्मांक पोटात जातात. गुळाविषयी तर आमच्या भागात फार मोठा गैरसमज आहे. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ३९८ उष्मांक आणि गुळात ३८३. मधुमेह्याच्या रक्ताला या दोहोंतला फरक कळत नाही.

डाळी आणि कडधान्यांचा वाटाही ३० ग्रॅमचा आणि शंभर उष्मांकांचा, पण त्यात प्रथिने सहा-सात ग्रॅम मिळतात. भाताच्या वाट्यात दोनच. म्हणून ही यादी वेगळी. एक अंडे प्रथिनांच्या हिशेबाने डाळीच्या वाट्याला उभे राहते. बांगड्याच्या शंभर ग्रॅम मांसात १९ ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणून एक मध्यम तुकडाही पुरे. मात्र तो तव्यावर तेलात तळला तर ते तेल स्निग्धांच्या यादीत मांडावे लागते. शेंगदाणे, काजू, ओले खोबरे यांचाही हिशेब याच यादीत. दोन लहान चमचे तेल म्हणजे सुमारे ९० उष्मांक, आणि जवळपास तेवढेच १८ ग्रॅम शेंगदाण्यांत किंवा दहा-बारा काजूगरांत. खानापूरकडच्या ज्यांच्या अंगणात काजू वाळतात त्यांनी येता-जाता तोंडात टाकलेली मूठ मोजावी. पालेभाज्या, दोडका, वांगी, भेंडी यांना मोजण्याची गरज नाही, भरपूर खाव्यात. दारूची यादीच नाही, पण तिच्या प्रत्येक ग्रॅम मद्यार्कात सात उष्मांक असतात आणि मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्याने उपाशीपोटी घेतली तर काकांचे झाले तसेच होऊ शकते.

काकांचे आठ वाटे आम्ही असे मांडले : सकाळी दोन, दुपारी तीन, रात्री तीन. दुपारी एक भाकरी, किंवा तीन वाट्या भात, किंवा निम्मी भाकरी आणि दीड वाटी भात. बरोबर डाळीचा एक वाटा दुपारी, एक रात्री. दिवसात दोन कप दूध किंवा दही, एक अंडे किंवा माशाचा तुकडा, एक लहान फळ, सहा लहान चमचे तेल. हे सगळे मिळून सतराशेच्या आसपास उष्मांक होतात. तोडणीच्या नाहीतर लावणीच्या दिवसांत आणखी दोन वाटे, सकाळी दहाला एक आणि चारला एक, आणि ते फडात बरोबर न्यायचे. हे आकडे काकांचे आहेत. तुमचे वजन, काम आणि गोळ्या पाहून तुमचे आकडे डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनीच द्यायचे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळ आणि मांसाचा हिशेब पार बदलतो. याशिवाय ही यादी किती खाल्ले ते सांगते, साखर किती वेगाने चढेल ते सांगत नाही. पांढऱ्या भाताने ती लवकर चढते, कोंड्यासकट दळलेल्या धान्याने आणि सोबत डाळ-भाजी असली तर सावकाश.

काकांचा तक्ता भरून झाला तेव्हा वहीत पान उरले होते. मी सहज काकींना म्हटले, तुमचेही मांडू. त्या हसल्या, "मला कुठं साखर आहे?" पण मांडले. धान्याचे वाटे दहा. डाळ? आमटीतील डाळ आधी काका आणि मुलगे वाढून घेतात, यांच्या वाट्याला वरचे पाणी, म्हणून अर्धा वाटाही धरता येईना. मासा? शेपटी. अंडे? नातवाला. घरात दोन म्हशी आहेत, दूध डेअरीला जाते आणि उरते ते चहाला. भाजी एक पळी. हैदराबादच्या संस्थेने २०२४ साली दिलेल्या नमुन्यात दोन हजार उष्मांकांच्या दिवसासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा त्यांऐवजी अंडी-मांस ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आहे. काकींच्या पानावर धान्याचा रकाना तेवढा वाहत होता आणि बाकीचे रकाने कोरे. पोट रोज भरत होते, म्हणून इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना दम लागतो. ते वयामुळे, असे आम्ही सगळेच म्हणत होतो.

वाचकहो, संतुलित आहाराची ही यादी मधुमेह्यांसाठी निघाली खरी, पण मला तिचा मोठा उपयोग येथे दिसला. घरातील प्रत्येक माणसाचे एक दिवसाचे जेवण या रकान्यांत मांडून पाहा. सर्वांत शेवटी जेवणारीचे आधी मांडा.

बदल फार खर्चाचे नव्हते. काकींच्या दहा वाट्यांतले दोन कमी करून त्या जागी उसळीची वाटी आली. चुलीवरून आमटी उतरली की त्या आता स्वतःची वाटी आधी भरून झाकून ठेवतात. डेअरीचे दूध घालण्याआधी दोन कप बाजूला निघतात. भाताच्या एका वाट्याऐवजी नाचणीची आंबील. यादीत दोघांची किंमत सारखी असली तरी शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तांदळात जेमतेम दहा. एकाच यादीत निवड करताना शेतकऱ्याने अशी पारख ठेवावी. दम लागण्यासाठी मात्र त्यांना रक्त तपासायला पाठवले. ते काम यादीचे नव्हे.

आपल्या शेजारच्या गोव्यात मोठ्या माणसांपैकी शंभरांत सव्वीस जणांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. कोणत्याही राज्यापेक्षा हे प्रमाण अधिक आहे. आमची किती तरी मुले तेथे कामाला आहेत आणि तेथील जेवण व सवयी घरी घेऊन येतात.

गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि मलाही सांगावे. खिशात तीन चमचे साखरेची पुडी ठेवावी. घाम, थरथर, गोंधळ जाणवला तर ती पाण्यात घेऊन पंधरा मिनिटे बसावे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी आणि नंतर काही तरी खावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

येत्या दोन रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात काटा ठेवलेला असेल. येताना घरची रोजची वाटी आणि एका भाकरीचे पीठ बांधून आणावे. जोडीने यावे. काका-काकी मापे दाखवायला आहेतच. काका आता दुपारी भात जेवतात, तीन वाट्या, मोजून.