समोर ताट, तरी जंत उपाशी!

१० फेब्रुवारी. वर्गात बाई एकेकाच्या हातावर पांढरी गोळी ठेवतात आणि बजावतात, “चावून खा रे, तशीच गिळू नका!” आठवली ना जंताची गोळी? तिचं नाव अल्बेंडाझोल. त्यात औषध फक्त ४०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. मला या गोळीचं फार नवल वाटतं. जंत तुमच्या पोटात, गोळीही तुमच्याच पोटात. मग मरतो तो जंतच, आणि तुम्ही खेळायला मोकळे. हे कसं?

आधी जंताकडे बघू. गोल जंत दिसतो गांडुळासारखा, पण फिकट. मादी तुमच्या फूटपट्टीहूनही लांब वाढू शकते आणि दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. हो, एका दिवसात! आतड्याला धरून बसायला त्याच्याकडे आकडे नसतात. अन्न तर सारखं पुढे सरकत असतं. म्हणून हा पठ्ठ्या ओढ्यातल्या माशासारखा प्रवाहाच्या उलटा पोहत राहतो. त्यासाठी लागणारी ताकद तो तुम्ही खाल्लेल्या भाकरीतून बनलेल्या साखरेतून मिळवतो.

जंताच्या पेशींत अतिशय बारीक नळ्या असतात. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून त्या बनतात आणि पेशीतल्या मालाची ने-आण त्यांच्यावरून चालते. अल्बेंडाझोल नेमकं त्या विटेला जाऊन चिकटतं. मग पुढची वीट बसेना, नळी उभी राहीना, आणि जंताला साखर शोषता येईना. चहूकडे जेवण, पण याच्या अंगी काहीच लागत नाही! काही दिवसांत तो गळतो आणि शौचावाटे बाहेर पडतो.

आपल्या पेशींतही अशाच नळ्या आहेत बरं का. पण आपली वीट जराशी वेगळ्या घडणीची, तिला हे औषध फारसं चिकटत नाही. शिवाय आतड्यातून रक्तात ते अगदी थोडंच उतरतं. पोटात जंत खूप असतील तर कधी मळमळतं, पोट दुखतं, पण तेही लवकर थांबतं. त्या दिवशी ताप असेल तर मात्र बाईंना आधी सांगा. बरं वाटल्यावर गोळी घेता येते.

पायरँटेल नावाच्या औषधाची तऱ्हा वेगळी. ते जंताचे स्नायूच आखडवून टाकतं. पोहणं थांबलं, की गेला वाहत!

आजी म्हणते, गोड खाल्लं की जंत होतात. या एका बाबतीत आजीचं चुकतं. गोल जंत येतो मातीतल्या अंड्यातून, न धुतलेल्या हातांवरून, नाहीतर शेतातल्या गाजर-मुळ्यावरून. ते अंडं मातीत दोन-तीन आठवडे पिकतं आणि नंतर कित्येक महिने, कधी वर्षंसुद्धा तग धरतं. गोळीची सत्ता पोटापुरतीच, तीही थोडे दिवस. मैदानातल्या अंड्यांपर्यंत ती पोचत नाही. म्हणून तर बऱ्याच शाळांत ऑगस्टमध्ये बाई पुन्हा म्हणतात, “चावून खा रे!”