जपानमधील 'जुने' आणि 'नवे': एक टिपण

जपानची सहल वर्णिताना 'जुने क्योटो, नवे टोकियो' अशी विभागणी करण्याचा प्रघात आहे. ती तपासून घेणे आवश्यक आहे. क्योटोचा सुवर्णमंडप, किन्काकुजी, प्रवासी मध्ययुगीन वास्तू म्हणून पाहतो. प्रत्यक्षात १९५० साली एका शिकाऊ भिक्षूने तो जाळला. आजचा मंडप १९५५ मधला आहे. मिशिमा युकिओ यांची १९५६ मधील कादंबरी या दहनावरच आधारलेली आहे.

इसे येथे तर पुनर्निर्मिती हाच विधी आहे. सातव्या शतकाच्या अखेरीपासून, साधारणतः दर वीस वर्षांनी, लगतच्या मोकळ्या जागेवर हिनोकी वृक्षाच्या लाकडाचे तेच मंदिर पुन्हा उभारले जाते. २०१३ मध्ये हा विधी बासष्टाव्यांदा झाला. (गृहयुद्धांच्या काळात तो शतकाहून अधिक काळ खंडितही होता.) येथे लाकूड बदलते, सुतारांचे कसब टिकते. आपला 'जीर्णोद्धार' हा शब्द यासाठी अपुरा पडतो, कारण इसेचे मंदिर जीर्ण होण्याची वाट पाहिली जात नाही.

मूळ संहितेचा शोध घेणाऱ्या आपल्या अभ्यासशाखेला हे अडचणीचे आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली 'ज्ञानेश्वरी' मग जुनी म्हणावी की नवी?