दाखला खरा कशावरून?

गोंदियाच्या दक्षिणेला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर नोंदवण्याचे काम हाती घेण्यात आले. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी राहणारी आणि मागाहून गुपचूप खाडाखोड करता न येणारी नोंदवही. अशा पद्धतीत वहीत दाखल्याचा मजकूर न उतरवता त्यावरून गणिती रीतीने काढलेला ‘हॅश’ नावाचा आकडा तेवढा नोंदवतात. गावाच्या नावातली एक वेलांटी बदलली तरी हा आकडा पार बदलतो, त्यामुळे दाखल्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करताच बनावट प्रत उघडी पडते.

विकेंद्रित डिजिटल ओळख याच्या एक पाऊल पुढे जाते. गोंदिया जिल्ह्यातील देवरी किंवा सालेकशाचा विद्यार्थी नागपूरला प्रवेश घेताना झेरॉक्सचा गठ्ठा देतो आणि गरज नसलेली माहितीही त्यासोबत जाते. नव्या पद्धतीत त्याच्या मोबाइलमधील ‘वॉलेट’मध्ये गणिती किल्ल्यांची जोडी असते, एक सार्वजनिक आणि एक फक्त त्याच्यापाशी राहणारी खासगी. उपविभागीय अधिकाऱ्याने डिजिटल स्वाक्षरी करून दिलेला दाखला विद्यार्थी स्वतः दाखवतो, आणि महाविद्यालय अधिकाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने ती स्वाक्षरी तपासते. त्यासाठी अधिकाऱ्याच्या कार्यालयाला विचारावे लागत नाही. जन्मतारीख न सांगता अठरा वर्षे पूर्ण असल्याचे सिद्ध करण्याचीही सोय त्यात करता येते. अशा विकेंद्रित ओळखीसाठी लागणाऱ्या ओळख-क्रमांकांचे मानक ‘डब्ल्यू३सी’ या जागतिक संस्थेने जुलै २०२२ मध्ये मंजूर केले. आधारची रचना याच्या उलट, म्हणजे मध्यवर्ती भांडारावर उभी आहे.

मात्र स्वाक्षरीवरून दाखला कोणी दिला एवढेच कळते. त्यातील दावा खरा आहे की नाही, हे कळत नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे पुरावे, म्हणजे शाळेची दाखल-खारीज नोंद किंवा कोतवाल पंजी, जात पडताळणी समितीला पूर्वीप्रमाणेच चाळावे लागतात, आणि चुकीच्या दाव्यावर निघालेला दाखला ब्लॉकचेनवरही तितक्याच भक्कमपणे टिकतो.

किल्लीचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मोबाइल हरवला की खासगी किल्लीही जाते. तिची प्रत एखाद्या कार्यालयात ठेवली, तर विकेंद्रीकरणाचा हेतूच बराचसा मागे पडतो, आणि अर्ज भरण्यासाठी सेतू केंद्रावर विसंबणाऱ्या कुटुंबाची किल्ली केंद्रचालकाच्याच फोनमध्ये राहण्याचा संभव असतो.