जुन्या मोटारीच्या इंजिनाशेजारचे पत्रे

स्प्लॅश पॅन म्हणजे इंजिन आणि चेसिस यांच्यामधली मोकळी जागा खालून झाकणारे पातळ पत्रे. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारा ऑइल पॅन वेगळा. दोघांची गल्लत नेहमी होते. फोर्ड मॉडेल टी (१९०८–१९२७) आणि मॉडेल ए (१९२८–१९३१) या गाड्यांना हे पत्रे कारखान्यातूनच बसवून येत.

मुख्य काम चिखल अडवण्याचे. तासगावसारख्या काळ्या मातीच्या भागात कच्च्या रस्त्यावर उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसात चिकट राड. पत्रा नसेल तर चाकांनी उडवलेली ही राड थेट इंजिनावर चढते आणि वाळली की खरवडूनच काढावी लागते. मॉडेल टीच्या कार्ब्युरेटरला मुळात एअर फिल्टरच नव्हता, त्यामुळे धूळ सिलिंडरमध्ये जाऊन पिस्टन-रिंगा झिजवते.

दुसरा उपयोग इंजिन थंड ठेवण्याचा. बहुतेक मॉडेल टी गाड्यांना वॉटर पंप नाही. तापलेले पाणी आपोआप वर चढून फिरते. पत्रे असले की पंखा खालून नव्हे, रेडिएटरमधूनच हवा ओढतो, असा जाणकारांचा तर्क. यावर मतभेद आहेत. हातातून निसटलेला नट रस्त्यावर न पडता पत्र्यात सापडतो, हा फायदा मात्र निर्विवाद!

दुरुस्तीला अडचण होते, पत्रे खडखडतात म्हणून अनेक मेकॅनिकांनी ते काढून टाकले. तेल आणि कचरा साचून आगीचा धोकाही असतो; पण त्यावर उपाय वेळोवेळी सफाई हाच. जुन्या गाडीसोबत मूळ पत्रे मिळाले, तर भंगारात देऊ नका.