बोट, छत्री आणि पियानो : प्रश्न नेमका कसा विचारायचा?

येत्या शनिवारी मी पियानोच्या एकल मैफलीला जाणार आहे. कार्यक्रम सगळा एकोणिसाव्या शतकातल्या रोमँटिक संगीताचा आहे: शोपाँचं एक नॉक्टर्न, शुमानच्या काही छोट्या रचना आणि शेवटी लिस्टचा बी मायनर सोनाटा. अशा कार्यक्रमाला ‘रिसायटल’ म्हणण्याची प्रथाही लिस्टचीच. 1840 साली लंडनमधल्या त्याच्या मैफलींच्या जाहिरातीत हा शब्द वापरला गेला.

तुम्ही म्हणाल, रिसर्चच्या ब्लॉगवर पियानो कशाला? कारण या वाद्याभोवती एक जुना वाद आहे आणि रिसर्च प्रपोजल लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा असं मला वाटतं. वाद असा: एकच सूर, तितक्याच जोराने, पण वेगळ्या ‘टच’ने वाजवला तर तो वेगळा ऐकू येतो का?

पियानोवादक सांगतात, अर्थातच येतो. भौतिकशास्त्र काय सांगतं ते बघू. तुम्ही पट्टी दाबता, ती साधारण 10 मिलिमीटर खाली जाते आणि तरफांमधून नमद्याची हातोडी वर उडते. तारेला लागण्याच्या किंचित आधी हातोडी त्या यंत्रणेपासून सुटते. म्हणजे प्रत्यक्ष आघाताच्या क्षणी बोटाचा तिच्यावर काहीच ताबा नसतो. उरतो फक्त तिचा वेग. वेग जास्त असेल तर आवाज मोठा येतो, शिवाय दाबला गेलेला नमदा जास्त कडक वागतो, म्हणून सूर अधिक तेजस्वीही होतो.

1934 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी यांत्रिक साधन वापरून हे तपासलं आणि निष्कर्ष काढला की सगळं हातोडीच्या वेगावरच ठरतं. 1937 मध्ये जेम्स जीन्स यांनी तर लिहून टाकलं की पट्टी बोटाने दाबली काय आणि छत्रीच्या टोकाने दाबली काय, सुराला फरक पडत नाही. झालं, वादक भ्रमात आहेत असं ठरलं!

पण थांबा. 2014 मध्ये गोएबल, ब्रेसिन आणि फुजिनागा यांनी प्रश्न जरा वेगळा मांडला. हातोडीचा वेग सारखाच, पण एकदा बोट पट्टीवर टेकवून दाबलेलं आणि एकदा वरून आपटलेलं. ऐकणारे संगीतकार हे दोन प्रकार ओळखू शकले. मग संशोधकांनी रेकॉर्डिंगमधून बोट पट्टीवर आपटल्याचा बारीकसा ‘टक’ काढून टाकला, आणि तो फरक नाहीसा झाला.

बरोबर कोण होतं मग? दोघंही. तार कशी कंप पावते, याचं भौतिकशास्त्राने दिलेलं उत्तर बरोबरच होतं. वादक मात्र तारेबद्दल बोलतच नव्हते, ते बोलत होते कानापर्यंत पोचणाऱ्या आवाजाबद्दल. त्यात लाकडाचा, पट्टीचा आवाजही असतो.

हे मला पहिल्या वर्षी कळलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या लॅबमधले अनुभवी तंत्रज्ञ काका एकदा म्हणाले, “मॅडम, पंपाचा आवाज बदललाय.” मी गेज बघितला. रीडिंग अगदी नेहमीचं होतं. “काका, सगळं ठीक आहे,” असं म्हणून मी काम चालू ठेवलं. तीन आठवड्यांनी पंपाचं बेअरिंग गेलं आणि तेव्हा लक्षात आलं की मधल्या सगळ्या डेटामध्ये कंपनांचा गोंधळ मिसळलाय. सगळा डेटा फेकावा लागला. गेज खोटं बोलत नव्हता. तो दाब मोजत होता, कंपनं नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतंच.

म्हणून तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, अनुभवी माणसाचं म्हणणं उपकरणाशी जुळत नसेल, तर आधी विचारा: दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतायत का? दोन, ‘टच’सारखा ढोबळ शब्द आला की तो सुटा करा. त्यात किती चल लपलेत ते लिहून काढा, आणि एकेक काढून बघा, तो ‘टक’ काढला तसा. तीन, निष्कर्ष जिथे तपासला तिथपर्यंतच न्या. एका सुट्या सुरावरचा प्रयोग म्हणजे संगीत नव्हे. शोपाँच्या नॉक्टर्नमध्ये डावा हात हळू ठेवून उजव्याची धून वर आणायची असते, पेडल दाबला की सगळे डॅम्पर उचलले जातात आणि न वाजवलेल्या ताराही गुणगुणू लागतात. वादकाचा ‘टोन’ बराचसा या सुरांच्या आपसातल्या नात्यांत असतो, आणि एका सुराच्या प्रयोगात तो सापडणारच नाही.

शनिवारी मी पुढच्या रांगेचं तिकीट काढलंय. तो ‘टक’ ऐकू येतो का बघायचंय. आला नाही, तर इतक्या मोठ्या हॉलमध्ये तो किती दूर पोचतो, हा पुढचा प्रश्न. आणि हो, काकांना आता मी रोज सकाळी विचारते, “पंप काय म्हणतोय?”