चेहऱ्यांचे खोटे चलन

छायाचित्रातील मुरमाचा डाग पुसून टाकावा, ही रीत जुनीच आहे. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवणारे कारागीर गेल्या शतकात स्टुडिओंतून असत. परंतु त्यांचा हात प्रायः त्वचेवरच फिरे. नाकडोळे आपल्या जागी राहत. आजचे साधन चेहऱ्याची मांडणीच हलवते, हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

१९९० साली बाजारात आलेल्या ‘फोटोशॉप’ या संगणक-प्रणालीत २००० साली ‘लिक्विफाय’ नावाचे साधन दाखल झाले. चित्रावर एक अदृश्य जाळी पसरली आहे असे समजावे. कुंचला ज्या दिशेला ढकलावा, त्या दिशेला जाळीचे धागे सरकतात आणि त्यांच्याबरोबर चित्राचे कण ओढले जातात. गाल आत जातो, हनुवटी निमुळती होते, डोळे मोठे होतात. प्रारंभी यासाठी सराव लागे. हात चुकला तर पाठीमागची दाराची चौकट वाकडी होऊन चोरी उघडी पाडी. २०१६ साली या साधनाला चेहऱ्याचे अवयव आपोआप ओळखता येऊ लागले. आता तर मोबाइलमधील अनेक प्रणाली हेच काम क्षणात आणि फुकट करतात.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे ग्रेशॅमचा नियम आठवल्यावाचून राहत नाही. हिणकस नाणे चोख नाण्याला चलनातून हुसकावते, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामागची अट मात्र विसरली जाते. दोन्ही नाणी एकाच किमतीला स्वीकारली जात असतील, तरच असे घडते. चेहऱ्यांच्या बाबतीत नेमकी हीच अट पुरी झाली आहे. एकाने हनुवटी कोरली की शेजाऱ्याची न कोरलेली हनुवटी बोजड दिसू लागते. मग तोही कोरतो. अखेर कोणीच कोणाच्या पुढे जात नाही; प्रत्यक्ष भेटीत मात्र प्रत्येक जण आपल्याच छायाचित्रापुढे उणा ठरतो.

यावर बंदी हा उपाय नव्हे. व्यंगचित्रकारही चेहरा ताणतो. पण तो उघडपणे ताणतो, म्हणून कोणी फसत नाही. दोष विकृतीचा नसून लपवाछपवीचा आहे. फ्रान्सने १ ऑक्टोबर २०१७ पासून, मॉडेलची अंगकाठी बारीक किंवा जाड करून दाखवणाऱ्या व्यापारी छायाचित्रांवर तशी नोंद सक्तीची केली. नॉर्वेने जुलै २०२२ पासून, समाजमाध्यमांवरील जाहिरातींसह, तत्सम नियम लागू केला. सोन्याच्या दागिन्यावरील हॉलमार्कसारखीच ही व्यवस्था आहे : छाप दिसला की चोख आणि हिणकस एका भावाने खपत नाहीत. आपल्या जाहिरातदारांवरही अशीच स्पष्ट सक्ती असावी, असे माझे मत आहे.

तथापि कायद्याचा हात जाहिरातीपर्यंतच पोहोचतो. सतरा वर्षांची मुलगी स्वतःचाच कोरलेला चेहरा रोज पाहते आणि मग आरशातील चेहरा तिला परका वाटू लागतो, तेथे कोणता निरीक्षक जाणार? तेथे खोटे नाणे पाडणारा आणि त्याने फसणारा एकच असतो. निदान स्थळासाठी पाठवायचे छायाचित्र तरी वडीलधाऱ्यांनी जसेच्या तसे पाठवावे. आहे तो चेहरा घरातच चलनात राहिला नाही, तर बाहेर त्याला कोण विचारणार?