अक्षय्य तृतीयेला हुकलेलं आकाश

“अगं, मला उठवायचं नाही का?”

११ मे २०२४ च्या सकाळी चहाचा कप हातात धरून बाबांनी एवढंच विचारलं. आदल्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरी आमरस-पुरीचं जेवण झालं आणि फोन सायलेंटवर टाकून आम्ही साडेदहाला आडवे झालो. सकाळी बघते तर व्हॉट्सॲपवर फोटोंचा पाऊस! गुलाबी, हिरवं, जांभळं आकाश, आणि तेही लोकांनी आपापल्या अंगणातून टिपलेलं. त्या रात्री जी-५, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं भूचुंबकीय वादळ आलं होतं. २००३ नंतरचं पहिलंच. नॉर्दर्न लाइट्स थेट फ्लोरिडापर्यंत दिसले, लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यानेही आकाशातली लाली टिपली. आणि आम्ही घोरत होतो.

बाबा अलिबागचे, निवृत्त शिक्षक. एप्रिलअखेरीस सहा महिन्यांसाठी आले होते. वय पंच्याहत्तर. पुन्हा इतका प्रवास झेपेल की नाही, हे घरात कोणी बोलून दाखवत नव्हतं. त्यामुळे त्यांचं ते साधं वाक्य मला उन्हाळाभर टोचत राहिलं. मग ठरवलं, पुन्हा हुकायचं नाही. बसून सगळं समजून घेतलं.

सूर्यावर स्फोट होऊन विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीकडे येतो तेव्हा हा खेळ सुरू होतो. त्याला इथे पोचायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. कोलोरॅडोतल्या बोल्डर इथलं ‘नोआ’चं अंतराळ हवामान केंद्र आधी इशारा देतं, पण तो आपल्या हवामान खात्याच्या पावसासारखाच, येईलच असं नाही. पक्की खबर मिळते ती पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून, आणि तीही शेवटच्या पाऊण-एक तासात. ० ते ९ असा ‘केपी’ निर्देशांक असतो. तो ७ च्या वर गेला की आमच्या मिशिगनच्या दक्षिण भागातही आशा धरायची. रोमही जवळपास आमच्याच अक्षांशावर आहे, पण भूचुंबकीय ध्रुव कॅनडाच्या बाजूला कललेला असल्याने हे भाग्य रोमपेक्षा आम्हाला जास्त वेळा लाभतं.

उन्हाळाभर दोनदा आम्ही रात्री निघालो आणि दोन्ही वेळा ढग बघून परतलो. बाबांचं परतीचं तिकीट १४ ऑक्टोबरचं होतं.

८ ऑक्टोबरच्या रात्री सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि गुरुवारी, १० तारखेला सकाळीच तो लोट पृथ्वीवर येऊन आदळला. श्रेणी जी-४. नवरात्र चालू होतं. मी दुपारीच ऑफिसातून निघाले. थर्मासमध्ये चहा, डब्यात साबुदाण्याची खिचडी, बाबांना दोन स्वेटर आणि वर कानटोपी. अडीच तास गाडी हाकत ह्युरॉन सरोवराकाठचं पोर्ट क्रेसेंट स्टेट पार्क गाठलं. तिथे उत्तरेला फक्त पाणी आहे, गावाचे दिवे नाहीत.

पहिली वीस मिनिटं काहीच नाही. उत्तरेला एक फिकट, पांढुरका पट्टा, ढगच म्हणा ना. फोन नाइट मोडवर ठेवून काही सेकंद स्थिर धरला, तर स्क्रीनवर तोच पट्टा लालभडक! बाबांनी फोनकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

“हे खरं, की फोनमधलं?”

प्रश्न रास्त होता. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, कॅमेरा मात्र काही सेकंदांचा प्रकाश साठवून रंग दाखवतो. फोटो बघून जाणाऱ्या बऱ्याच जणांची निराशा होते ती इथेच. मी फोन खिशात टाकला आणि म्हटलं, “बाबा, आता थांबायचं फक्त.” डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास तरी द्यावा लागतो, आणि मध्ये एकदा जरी स्क्रीन पाहिली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

नऊच्या सुमारास त्या पट्ट्यातून उभे खांब वर चढू लागले. आणि मग साध्या डोळ्यांना दिसला तो लाल रंग. फोटोतल्यासारखा भडक नव्हे, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. शंभरएक किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन हिरवा उजळतो, दोनशेच्या वरचा लाल. दुरून बघणाऱ्याला मुख्यतः वरचाच मजला दिसतो, म्हणून आपल्या वाट्याला लाल जास्त. बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आत्ता अलिबागला किती वाजले असतील?”

“सकाळचे साडेसहा.”

“म्हणजे वेधशाळेतली नोंद आत्ता खालीवर होत असेल.”

मला क्षणभर कळलंच नाही. अलिबागची चुंबकीय वेधशाळा! शाळेत असताना तिच्यावरून किती वेळा गेले असेन. पूर्वी ती मुंबईत कुलाब्याला होती. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौरवादळाची, इतिहासातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एकाची, अनमोल नोंद तिथेच झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांनी मोजमाप बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा अलिबागला आली. चुंबकीय वादळ आलं की ते एकाच वेळी साऱ्या पृथ्वीला हलवतं. मिशिगनला त्याचा उजेड दिसतो, अलिबागला नुसती रेघ हलते.

बाबा वर्गात हे वर्षानुवर्षं शिकवत आले होते. त्या रेघेचा उजेड मात्र त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा पाहिला.

१४ तारखेला ते गेले. आता रविवारी व्हिडिओ कॉलवर तब्येतीच्या आधी विचारतात, “केपी किती आज?” सूर्याचा अकरा वर्षांचा फेरा आता उताराला लागेल, पण उतारावरही मोठी वादळं येतात. ११ नोव्हेंबर २०२५ लाही आलंच. तेव्हा अमेरिकेत कुठेही असलात तरी उत्तरेची एखादी अंधारी जागा आजच हेरून ठेवा. घरात आई-बाबा आलेले असतील तर त्यांना खुशाल झोपेतून उठवा.

माझा फोन आता रात्री सायलेंटवर नसतो.